ब्रॉकची चूक त्याला परत द्या

प्रति,
व्हेनमच्या कथा लिहिणारे, चितारणारे, संपादित करणारे आणि पडद्यावर आणणारे सर्वजण,
मुक्काम न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस

स. न. वि. वि.

खुलं पत्र ज्याच्या नावे लिहिलेलं असतं त्याने ते वाचायचं नसतं, बाकीच्यांनी वाचायचं असतं. ३४ वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढल्यावर एवढं मला कळतं. त्यामुळे हे पत्र मराठीत आहे याची तुम्हाला अडचण होईल असं वाटत नाही. तरी पत्ता तुमचाच घातलाय, कारण तक्रार तुमच्याविषयी आहे: स्पायडरमॅनचा शत्रू व्हेनम आणि त्याच्या आतला माणूस एडी ब्रॉक, यांचं तुम्ही काय केलंत याविषयी.

मी निवृत्त उपसंपादक, राहणार सातारा. कॉमिक्सचा अभ्यासक वगैरे नाही. लहानपणी इंद्रजालमधला वेताळ आणि मँड्रेक मराठीतून वाचले, त्यानंतर बरीच वर्षं चित्रकथांशी संबंध उरला नाही. १९९१ साली कामानिमित्त मुंबईला गेलो असताना हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'द अमेझिंग स्पायडरमॅन'चा ३०० वा अंक हाती लागला. मे १९८८ चा. मुखपृष्ठाचा कोपरा गेलेला, आतलं एक पान कुणीतरी डिंकाने चिकटवलेलं. विक्रेत्याने वीस रुपये सांगितले, पंधराला दिला. इंग्रजी सुधारावं एवढाच हेतू होता. (त्या अंकाला आज संग्राहक किती मोजतात हे माझा मुलगा मला अधूनमधून ऐकवतो आणि मी विषय बदलतो.)

त्या अंकात स्पायडरमॅनसमोर त्याच्याच कपड्यांतला दुसरा माणूस उभा होता, व्हेनम. काळा पोशाख, छातीवर पांढरा कोळी, सगळं तेच. फक्त अंगाने दुप्पट आणि तोंडभर दात. लेखक डेव्हिड मिशेलिनी, चित्रकार टॉड मॅकफार्लन. आधीची गोष्ट मला ठाऊक नव्हती. मागचे अंक मग मिळतील तसे, उलटसुलट क्रमाने वाचले. त्यातून जे कळलं ते तुम्हाला पाठ आहे, पण इथल्या वाचकांसाठी थोडं सांगतो.

१९८२ मध्ये इलिनॉय राज्यातल्या एका वाचकाने स्पायडरमॅनचा पोशाख काळा करावा अशी कल्पना कळवली आणि मार्व्हलने, म्हणजे त्याच्या प्रकाशकांनी, ती २२० डॉलरला विकत घेतली. १९८४ मध्ये खेळण्यांच्या कंपनीशी जोडून काढलेल्या 'सीक्रेट वॉर्स' या मालिकेत पीटर पार्करला, म्हणजे स्पायडरमॅनच्या आतल्या तरुणाला, दूरच्या एका ग्रहावर तो पोशाख मिळतो. म्हणजे ज्याला पुढे तुम्ही नायकाचं काळं रूप म्हणायला लागलात, त्याच्या जन्माला खेळण्यांचा खप कारण झाला. यात मी कमीपणा मानत नाही. आमच्याकडेही पुरवण्या जाहिरातींसाठीच निघतात, आणि त्यांत कधीकधी चांगला लेख सापडतो.

पोशाख नेमकं काय करतो, इथे मला जरा रेंगाळायचंय. मूळ अंकांत तो पीटरला दुष्ट करत नाही. तो त्याची सोय करतो. मनात आणलं की साधे कपडे होतो, पुन्हा मनात आणलं की पोशाख होतो. जाळ्याची काडतुसं भरायची कटकट नाही, जाळं त्याच्यातूनच निघतं. धुवायला नको, उसवलं तर शिवायला नको. पीटर खूश. फक्त तो दमलेला दिसायला लागतो. झोप झाली तरी दमलेला. कारण रात्री तो झोपेत असताना पोशाख त्याच्या अंगावर चढून त्याला शहरभर फिरवून आणतो आणि पहाटे परत आणून टाकतो. शेवटी रीड रिचर्ड्स हा शास्त्रज्ञ तपासून सांगतो की हे कापड नव्हे, हा जिवंत प्राणी आहे आणि तो तुला कायमचा चिकटू बघतोय.

हे मी वाचलं तेव्हा मला रात्रपाळी होती. सकाळी उठल्यावर आपण रात्री काय छापून बसलो ते पेपर उघडून बघावं लागायचं. त्यामुळे दातांचं मला काही वाटलं नाही, या झोपेतल्या फिरण्याने मात्र पोटात गोळा आला.

तुम्ही त्याला सिंबायोट म्हणता, म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर राहून त्याच्यासोबत जगणारा. आमच्या गावाकडे आंब्यावर बांडगूळ येतं. त्याची पानं हिरवीगार असतात, आपलं अन्न ते आपणच तयार करतं, पाणी तेवढं आंब्याच्या फांदीतून ओढतं. लांबून बघणाऱ्याला झाड उलट जास्तच दाट दिसतं.

मग एप्रिल १९८५. 'वेब ऑफ स्पायडरमॅन'चा पहिला अंक. पोशाख पुन्हा पीटरला धरतो. मोठा आवाज त्याला सोसत नाही हे माहीत असल्याने पीटर चर्चच्या घंटाघरात जातो. घंटा सुरू होतात, पोशाख सुटायला लागतो, पण त्या आवाजात पीटरही अर्धमेला होऊन पडतो. आणि तो मरायला टेकलेला प्राणी काय करतो, तर पीटरला ओढत आवाजापासून लांब नेऊन ठेवतो, मग सरपटत नाहीसा होतो. ज्याने अंगावरून झटकला त्यालाच वाचवून. हे पान मी बायकोला मराठी करून वाचून दाखवलं होतं. तिने भाजी निवडता निवडता विचारलं, "मग यात वाईट कोण?"

हा प्रश्न तुम्ही पुढे सोडूनच दिलात. १९९४ पासूनच्या टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये आणि २००७ च्या 'स्पायडरमॅन ३' मध्ये काळा पोशाख चढला की पीटर चिडका आणि उर्मट होतो, उतरला की पुन्हा गुणी बाळ. सिनेमात तर केस कपाळावर ओढून तो भर रस्त्यात नाचत जातो. लोक त्या नाचाला हसतात. माझं नाचाविषयी काही म्हणणं नाही. म्हणणं असं की 'तो मी नव्हेच' म्हणायची सोय तुम्ही त्याला करून दिलीत. आमच्याकडे याला अंगात येणं म्हणतात. अंगात आलेल्या माणसाने दिलेल्या शिव्या दुसऱ्या दिवशी त्याच्या नावावर धरत नाहीत. माझ्या एका आत्याच्या अंगात दर अमावास्येला यायचं, आणि तेवढ्याच दिवशी ती सासूला मनातलं सगळं बोलून घ्यायची. गाव समजून होतं. सासूही समजून होती, असं आता वाटतं.

याच्या उलट पुरावा तुमच्याच दप्तरात पडून आहे. १९८५ च्या अखेरीस पीटर डेव्हिडने लिहिलेली, जीन डीवुल्फच्या खुनाची चार अंकांची गोष्ट. जीन पोलीस कॅप्टन, स्पायडरमॅनच्या बाजूने उभी राहणारी. तिला मारणारा सिन-ईटर म्हणजे स्टॅन कार्टर, तोही पोलीसच निघतो. तो तावडीत सापडल्यावर स्पायडरमॅन त्याला मारतो, मारतच राहतो, शेवटी डेअरडेव्हिल या दुसऱ्या नायकाला मध्ये पडून थांबवावं लागतं. त्या माराने कार्टर कायमचा अधू होतो, हे पुढे १९८८ मध्ये तुम्हीच दाखवलंत, आणि ते कळल्यावर पीटरचा हात उचलेनासा होतो हेही दाखवलंत. आता बघा. त्या मारहाणीच्या वेळी त्याच्या अंगावर पोशाख काळाच आहे. पण सिंबायोट केव्हाच गेलेला. हा साधा कापडी, ब्लॅक कॅट या त्याच्या मैत्रिणीने करून दिलेला. कुणीही अंगात आलेलं नव्हतं. ते हात पीटरचेच होते.

मला तर वाटतं, व्हेनमची गोष्ट खरी तिथे सुरू होते, परग्रहावर नाही. कारण एडी ब्रॉकही त्याच सिन-ईटर प्रकरणातून आलाय.

ब्रॉक 'डेली ग्लोब'चा वार्ताहर. शहरात खून पडतायत, आणि एमिल ग्रेग नावाचा माणूस त्याला सांगतो की ते मी केले. ब्रॉक त्याच्या कबुलीवर लेख चालवतो. आधी नाव झाकून, मग दबाव वाढल्यावर नाव छापून. आणि स्पायडरमॅन खरा खुनी पकडून देतो. ग्रेग होता मनाने आजारी. कार्टरच्या शेजारच्या घरात राहणारा, भिंतीपलीकडून ऐकू येणारं बोलणं स्वतःचंच समजून बसलेला. ब्रॉकची नोकरी जाते. मग सनसनाटी छापणाऱ्या पेपरांसाठी विषारी मजकूर पाडून पोट भरावं लागतं, व्हेनम हे नाव तो त्यावरूनच घेतो. जीव द्यायचा विचार मनात घेऊन तो चर्चमध्ये येतो. तेच चर्च, जिथे तो प्राणी दडून बसलाय. एकाला पीटरने टाकलेलं, दुसऱ्याला पीटरमुळे तोंड दाखवायला जागा न उरलेली. जमलं. दोघे मिळून व्हेनम.

१९८५ च्या मूळ गोष्टीत हा ब्रॉक नव्हताच. मिशेलिनीने तीन वर्षांनी मागे जाऊन त्याला तिच्यात बसवला. डेस्कच्या भाषेत सांगायचं तर छापून गेलेल्या पानात जागा काढून एक चौकट घातली. पण काय बसलीये ती चौकट!

आणि एक आतली गोष्ट, जी तुमच्या वाचकांपेक्षा आमच्या धंद्यातल्या माणसाला लवकर दिसते. पीटर 'डेली ब्यूगल'ला स्पायडरमॅनचे फोटो विकतो. म्हणजे कुठेतरी जाळ्याने कॅमेरा चिकटवून स्वतःचेच फोटो काढतो आणि बातमीचे म्हणून पैसे घेतो. आमच्याकडे याला जे म्हणतात ते छापण्याजोगं नाही. तेव्हा त्याच्यासमोर येतो तो नुसता त्याचे कपडे घातलेला राक्षस नाही. पलीकडच्या पेपरातला माणूस आहे. याची चूक पकडली गेली, त्याची गेली नाही, एवढाच दोघांत फरक.

आता माझं सांगतो. त्याशिवाय हे पत्र लिहायचा मला अधिकार पोहोचत नाही.

१९९४ सालची गोष्ट. मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत पहिलं पान लावत असे. एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला अपहाराच्या गुन्ह्यात अटक झाली. तालुक्याच्या बातमीदाराने बातमी फोनवर सांगितली, फोटो नाही म्हणाला. रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले, पान पेस्टिंगला अडलेलं, बातमीत एक कॉलम मोकळा. फोटोंच्या कपाटात नावानिशी पाकिटं असत. त्या नावाचं पाकीट निघालं. नाव तेच, आडनाव तेच, तालुका तोच. मी फोटो लावला आणि घरी जाऊन झोपलो. तुमच्या स्पायडरमॅनला संकटाची आधीच चाहूल लागते, फक्त व्हेनम जवळ आला तर लागत नाही, कारण तो पोशाख एके काळी त्याच्याच अंगावर होता. त्या रात्री मलाही काही टोचलं नाही. फोटो एका मुख्याध्यापकांचा होता. आदल्या वर्षी त्यांना कसला तरी पुरस्कार मिळाला होता, तेव्हा आमच्याच छायाचित्रकाराने काढलेला. फोटोत गळ्यात हार होता. तो मी कापून टाकला होता, अटकेच्या बातमीत हार बरा दिसेना म्हणून. तेव्हाही मला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या दुसऱ्या दैनिकाच्या एका तरुण बातमीदाराने मुख्याध्यापकांना गाठलं आणि तिसऱ्या दिवशी सगळं छापलं. आमच्या पेपरचं नाव न घेता, पण कुणालाही कळेल असं. माझी नोकरी गेली नाही. मला पहिल्या पानावरून काढून बाजारभाव, राशिभविष्य आणि वाचकांच्या पत्रांवर बसवलं, दोन वर्षं.

त्या दोन वर्षांत मी काय केलं? त्या बातमीदाराच्या बातम्या रोज वाचल्या. त्यांतल्या चुका लाल पेनने खुणा करून एका दोनशे पानी वहीत चिकटवल्या. कुठे वय चुकलं, कुठे गावाचं नाव, कुठे शुद्धलेखन. त्याची एखादी मोठी चूक सापडावी म्हणून मी अक्षरशः वाट बघत होतो. सापडली नाही. तो बरा बातमीदार होता. बायकोने एकदा ती वही बघितली आणि काही न बोलता जागेवर ठेवली. त्याच सुमारास ३०० वा अंक पुन्हा वाचला. व्हेनम स्पायडरमॅनला चर्चच्या घंटेशी जाळ्याने जखडून आपली कर्मकहाणी ऐकवतो तो प्रसंग. त्याने आपल्याला कसं संपवलं, कसं लाचार केलं. मी वाचत होतो आणि मला प्रत्येक वाक्य आधीच येत होतं. मग थांबलो. म्हटलं, हा ग्रेगबद्दल कधी बोलणार?

तो बोलत नाही. ग्रेग त्याच्या तोंडी येतो तो स्वतःच्या पडझडीचं कारण म्हणून. खुनी म्हणून ज्याचं नाव आपण छापलं त्या आजारी माणसाचं पुढे काय झालं असेल, हा विचार त्याला शिवत नाही. आणि माझ्या वहीत दोनशे पानांत मुख्याध्यापकांचं नाव एकदाही नव्हतं.

एवढी चांगली गोष्ट तुमच्या हातात होती. तिचं तुम्ही पुढे काय केलंत?

त्याआधी भाषेचं एक. व्हेनम स्वतःला 'मी' म्हणत नाही, 'वी' म्हणतो. इंग्रजीत तो एकच शब्द आहे. मराठीत हे भाषांतर करायला घेतलं तेव्हा (घरच्या घरी, वहीच्या उरलेल्या पानांवर) मला कळलं की आमच्याकडे दोन आहेत. समोरच्याला वगळून 'आम्ही', समोरच्याला धरून 'आपण'. व्हेनम स्पायडरमॅनला म्हणणार 'आम्ही तुला सोडणार नाही.' पण तो प्राणी आतून ब्रॉकला म्हणणार 'आपण त्याला सोडायचं नाही.' या 'आपण'मध्येच सगळी खोच आहे. इतक्या जवळचं ब्रॉकशी दुसरं कुणी बोलतच नाही. मीही वही लिहीत होतो ती 'आपण'मध्येच. आपण बघून घेऊ त्याला. आपलं काही चुकलं नव्हतं.

आता तुम्ही काय केलंत ते. व्हेनम चालला. इतका चालला की नंतरच्या चित्रकारांनी त्याला हातभर जीभ दिली आणि १९९२ मध्ये तुम्हाला त्याच्याहून काळा कुणीतरी लागला. ब्रॉकच्या कोठडीतला क्लीटस कॅसडी, कार्नेज. तो 'आम्ही' म्हणत नाही, 'मी'च म्हणतो, हे मात्र छान सुचलं होतं. पण कार्नेज आला की व्हेनम आपोआप बरा वाटायला लागतो. १९९३ मध्ये त्याला निरपराधांचा रक्षक करून सॅन फ्रान्सिस्कोला पाठवलंत. गुंडाशेजारी त्याहून मोठा गुंड उभा केला की पहिला समाजसेवक दिसतो, हे आमच्या जिल्ह्यातल्या कुणालाही शिकवावं लागत नाही.

आणि पीटरला त्याच ३०० व्या अंकात मोकळं केलंत. व्हेनमला बघून घाबरलेली मेरी जेन, पीटरची बायको, म्हणते, तो काळा पोशाख आता नको. कापडी पोशाख जातो, लाल-निळा परत येतो. कपडे बदलले, विषय संपला. स्टॅन कार्टरला ज्या कपड्यांत मारलं ते कपडे गेले, असं कुणी म्हणत नाही. म्हणायला हवं होतं.

मग सिनेमे. २०१८, २०२१, २०२४. ब्रॉक झालेल्या टॉम हार्डीचं काम मला आवडतं, विशेषतः तो स्वतःशी भांडतो तेव्हा. माझ्या नातीला तर व्हेनम हा चॉकलेट खाणारा, लाडका प्राणी वाटतो. पण तीनही सिनेमांत त्याच्यासमोर स्पायडरमॅन उभा राहत नाही. सावली आहे, माणूस नाही. छातीवरचा पांढरा कोळीही नाही, कारण तो कुणाच्या छातीवरून आला हे सांगायची सोय नाही. हक्क कुणाकडे, करार कुणाचा, ही तुमची घरगुती भांडणं मला कळतात. पण गोष्टीला ती कळत नाहीत. ब्रॉकची चूक तुम्ही अगदीच पुसली नाहीत, हे कबूल. पहिल्या सिनेमात तो होणाऱ्या बायकोची गोपनीय कागदपत्रं चोरून वाचतो आणि दोघांच्याही नोकऱ्या जातात. पण ते करतो कशासाठी, तर एका नीच उद्योगपतीला जाब विचारण्यासाठी. म्हणजे माफी आधीच खिशात. 'स्पायडरमॅन ३' मधला ब्रॉक त्यापेक्षा बरा होता. खोटा फोटो जोडून छापतो, पीटर त्याला उघडा पाडतो, आणि तो चर्चमध्ये जाऊन देवाकडे मागतो काय, तर पीटर पार्करचा जीव. एवढा प्रामाणिक मत्सर पडद्यावर क्वचित दिसतो. फक्त घाईत उरकलात.

एक गोष्ट मनातून जात नाही. मिशेलिनीने नंतर सांगितलंय की त्याच्या मनातला पहिला व्हेनम पुरुष नव्हता. एक गरोदर बाई. स्पायडरमॅनकडे वर बघत बसलेल्या टॅक्सीवाल्याच्या गाडीखाली तिचा नवरा जातो, त्या धक्क्यात मूलही जातं, आणि ती स्पायडरमॅनला दोषी धरते. स्पायडरमॅनसमोर बाई इतकी ताकदीची उभी राहिलेली वाचकांना पटणार नाही, असं संपादकांना वाटलं. मी संपादकांच्या बाजूचा माणूस, पान अडल्यावर काय काय निर्णय होतात ते मला ठाऊक आहे. तरी तिची आठवण येते. तिची तर चूकही नव्हती. तिच्यासमोर स्पायडरमॅनला काय बोलता आलं असतं?

पण ती झाली नाही, ब्रॉक झाला. तर मागणं एवढंच की ब्रॉक तरी नीट करा. आणखी दात नकोत, आणखी गडद रंगाचा पुढचा भाऊ नको, विश्वाच्या पलीकडून कुठला देव येऊन याने सगळं आधीच ठरवलं होतं असं सांगायला नको. त्याला ग्रेगसमोर बसवा. हाणामारी नको. स्पायडरमॅनला खिडकीबाहेर ठेवा हवं तर, त्यालाही कार्टरची आठवण येऊ द्या. हा प्रसंग कसा काढायचा ते सुचत नसेल तर माझ्याकडे एक आहे, तो घ्या. मानधन नको.

तो फोटो छापून आल्यानंतर चौथ्या दिवशी आमचा खुलासा छापून झाला. पान चार, खालचा कोपरा, एक कॉलम, सात ओळी. त्याच दिवशी दुपारी मुख्याध्यापक कार्यालयात आले. पांढरा सदरा, हातात छत्री. फोटोपेक्षा बारीक होते. मी उभा राहिलो. खाली वितरण विभागात जेवणाची सुट्टी होती, म्हणून त्यांना वर माझ्याकडे पाठवलं होतं. फोटो कुणी लावला हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

ते ओरडले नाहीत. खुलासा कुठे आहे तेवढं विचारलं. मी पान काढून बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून सात ओळी वाचल्या, पुन्हा एकदा वाचल्या, आणि म्हणाले, पाच प्रती हव्यात. मुलीच्या सासरी पाठवायच्यात, एक शाळेत लावायची आहे. मी पाच प्रती मोजून गुंडाळी करून दिली. किंमत दीड रुपया, पाचाचे साडेसात. पैसे नको, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं, पण ते म्हटलं असतं तर का नको हेही सांगावं लागलं असतं. त्यांनी दहाची नोट पुढे केली. मी खिसे चाचपले, टेबलाचा खण उघडला. सुटे नव्हते.

"राहू द्या," ते म्हणाले आणि छत्री घेऊन जिना उतरले.

ते अडीच रुपये अजून माझ्याकडे आहेत. ब्रॉकच्या हातात द्या. नख्या असल्या तरी चालतील.

कळावे.

आपला,
३०० व्या अंकाचा एक वाचक, सातारा